प्रेक्षकांचें दप्तर

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, शकावल्या आणि रुमालांत बांधलेलीं दप्तरें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हांपासून मागाहून लिहिलेली बखर वेगळी आणि त्या त्या काळचा अस्सल कागद वेगळा, हा विवेक मराठी वाचकाच्या चांगला अंगवळणीं पडला आहे. तोच विवेक हातीं घेऊन आज मी आपल्याला एका अगदीं निराळ्या दप्तराकडे नेणार आहें. हें दप्तर कोणा राजाचें नाहीं, कीं सरदाराचें नाहीं. इंग्लंडांतील एका दूरचित्रवाणी-मालिकेच्या प्रेक्षकांनीं, आणि त्यांतहि बऱ्याच अंशीं शाळकरी वयाच्या मुलांनीं, तें आपल्या हौसेनें जमविलें. त्यांनीं तें जमविलें नसतें, तर एका दीर्घायुषी कलाकृतीच्या आरंभींच्या कित्येक भागांची आज नांवापलीकडे कांहीं खूण उरली नसती.

ही मालिका म्हणजे 'डॉक्टर हू'. बी. बी. सी. या ब्रिटिश संस्थेनें ती २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं, शनिवारीं सायंकाळीं सुरू केली. आदल्याच दिवशीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला होता. लोकांचें चित्त त्या भयंकर वार्तेकडे लागलेलें, त्यांत देशाच्या कांहीं भागांत वीजहि गेलेली. म्हणून पुढच्या शनिवारीं दुसऱ्या भागाच्या आधीं पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. कथेचें सूत्र थोडक्यांत असें: परग्रहावरून आलेला, केवळ 'डॉक्टर' या नांवानें ओळखला जाणारा एक प्रवासी आहे. त्याचें यान बाहेरून लंडनच्या रस्त्यावरील पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-पेटीएवढें दिसतें, परंतु आंत मोठें दालन आहे, आणि तें स्थळाप्रमाणेंच काळांतहि मागें-पुढें जातें. १९६६ सालीं प्रमुख नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृति ढासळली, तेव्हां लेखकांनीं अशी युक्ति काढली, कीं सर्पानें कात टाकावी तसा हा प्रवासी जीर्ण देह टाकून नवा धारण करतो. या एका युक्तीमुळें नट बदलत गेले आणि मालिका चालत राहिली; ती १९८९ पर्यंत चालली, आणि २००५ सालीं तिचा पुनर्जन्म झाला.

आरंभींचा हेतु मुलांना रंजनाबरोबर इतिहास व विज्ञान शिकविण्याचा होता. म्हणून पहिल्या प्रवासांत डॉक्टरबरोबर त्याची नात आणि दोन शिक्षक घातले होते: एक विज्ञानाचे मास्तर, दुसऱ्या इतिहासाच्या बाई. मेक्सिकोंतील आझ्टेक लोकांवरील १९६४ च्या एका कथेंत या बाईंना लोक देवता समजतात. तो अधिकार वापरून नरबळीची चाल बंद पाडावी अशी त्यांची इच्छा असते. परंतु घडून गेलेला इतिहास त्यांच्या सदिच्छेस वाकत नाहीं. मुलांच्या कार्यक्रमांत इतका गंभीर विचार मांडणाऱ्या या मालिकेची कल्पना मुख्यत्वें सिडनी न्यूमन यांची. निर्मितीची जबाबदारी व्हेरिटी लँबर्ट या अठ्ठाविसाव्या वर्षांत असलेल्या बाईंवर सोंपविली होती. आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे त्या वेळीं अवघे चोवीस वर्षांचे होते. हुसेन यांचा जन्म लखनौचा, पण बालपण गेलें तें मुंबईंत; १९४६ सालीं ते आईबापांबरोबर विलायतेस गेले. त्यांच्या एका कथेचा उल्लेख मला शेवटीं पुन्हा करावयाचा आहे.

आतां नाशाची हकीकत ऐका. १९६३ ते १९६९ या सहा वर्षांत मालिकेचे २५३ भाग दाखविण्यांत आले. २०१३ सालच्या शेवटच्या मोठ्या शोधानंतर हिशेब मांडला, तेव्हां त्यांपैकीं ९७ भागांचीं चित्रें बेपत्ताच होतीं. तीं आगींत जळालीं नाहींत, कीं युद्धांत लुटलीं गेलीं नाहींत. ज्या संस्थेनें तीं निर्माण केलीं, तिनेंच आपल्या हातानें तीं पुसून टाकलीं. १९६७ ते १९७८ या काळांत हें काम शांतपणें, कचेरींतील रोजच्या कारभारासारखें चालू होतें. त्यास कारणेंहि होतीं, आणि तीं त्या वेळच्या माणसांना अगदीं सयुक्तिक वाटत होतीं. चित्रफीत फार महाग असे, आणि एकदां पुसली म्हणजे ती पुन्हा वापरतां येई. नटांच्या संघाशीं झालेल्या करारामुळें जुना भाग मनास येईल तेव्हां पुन्हा दाखविण्यास मुभा नव्हती. १९७० पासून ही मालिका रंगीत झाली, तेव्हां पूर्वीचे कृष्णधवल भाग परदेशांतहि कोणी विकत घेईना. घरोघर चित्रफिती लावून पाहण्याचे दिवस अजून यावयाचे होते. शिवाय मूळ फिती एका खात्याकडे आणि परदेशीं विकण्यासाठीं काढलेल्या फिल्मच्या प्रती दुसऱ्या खात्याकडे, अशी विभागणी असल्यामुळें प्रत्येकास वाटे, कीं दुसऱ्यानें जपून ठेवलेंच असेल. कोणाचाहि दुष्ट हेतु नसतां एवढी हानि झाली, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. अखेर १९७८ सालीं संस्थेनें सू माल्डन या बाईंना संग्रहार्थ निवड करण्याच्या कामीं नेमलें, आणि मग हा नाश थांबला. त्याच वर्षीं इयन लेव्हिन या एका हौशी चाहत्यास असें आढळलें, कीं डालेक नांवाच्या चिलखती शत्रूंच्या पहिल्या कथेच्या फिल्म विल्हेवाटीसाठीं वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. त्यानें खटपट केली म्हणून ती सात भागांची कथा वांचली.

परंतु दप्तर सुरू झालें तें याच्या पुष्कळ आधीं. एकदां दाखविलेला भाग पुन्हा दिसण्याची आशा नाहीं, हें ज्यांना उमगलें होतें, अशा कांहीं मुलांनीं शनिवारच्या संध्याकाळीं टेपरेकॉर्डरचा ध्वनिग्राहक दूरचित्रवाणीच्या संचापुढें धरून आवाज नोंदून घेण्याचा परिपाठ ठेवला. एखादा अधिक हुशार मुलगा संचाच्या आंतच तार जोडी. चित्र साठविण्याचें साधन त्यांच्यापाशीं नव्हतें, म्हणून त्यांनीं आवाज साठविला. ही गोष्ट त्यांनीं इतिहासाच्या सेवेसाठीं केली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. आवडलेली गोष्ट पुन्हा ऐकावी, एवढाच त्यांचा हेतु. परंतु त्याचा परिणाम असा, कीं ज्या ९७ भागांचीं चित्रें नाहींशीं झालीं, त्यांपैकीं एकाचाहि आवाज हरवलेला नाहीं. संस्थेच्या भांडारांत जें उरलें नाहीं, तें मुलांच्या खोल्यांत उरलें.

आवाजास जोड मिळाली ती छायाचित्रांची. जॉन क्युरा नांवाचे एक गृहस्थ आपल्या घरच्या संचाच्या पडद्यावरून कार्यक्रमांचीं लहान लहान छायाचित्रें घेत आणि नटांना व दिग्दर्शकांना विकत. बी. बी. सी.च्या कॅव्हरशॅम येथील कागदपत्रांच्या संग्रहांत त्यांपैकीं पुष्कळ छायाचित्रें पुढें मिळालीं. आणखी एक मौज पाहा. ऑस्ट्रेलियांत मालिका दाखवितांना तेथील परीक्षक मुलांना भय वाटेल असे तुकडे कापून काढीत. १९९६ सालीं दोघां चाहत्यांनीं हे तुकडे सरकारी दप्तरांतून शोधून काढले. म्हणजे जे भाग सर्वांनीं पाहावे म्हणून निवडले गेले ते नष्ट झाले, आणि कोणींच पाहूं नये म्हणून कापलेले तुकडे तेवढे सुरक्षित राहिले!

साधनें अशीं जमत होतीं; पण केवळ साधनें जमवून इतिहास होत नाहीं. त्यांवर बोलणारीं, भांडणारीं, एकमेकांचें म्हणणें तपासून पाहणारीं माणसें लागतात. या मालिकेच्या चाहत्यांचें मंडळ १९७६ सालीं स्थापन झालें आणि पुढच्याच वर्षीं लंडनमधील बॅटरसी येथें त्यांचें पहिलें संमेलन भरलें. सभासद घरगुती यंत्रावर छापलेलीं मासिकें काढीत आणि त्यांतून एकेका भागाची चिकित्सा करीत. १९७३ पासून या कथांवर कादंबऱ्या निघूं लागल्या होत्या. त्यांपैकीं साठांहून अधिक एकट्या टेरन्स डिक्स यांनीं लिहिल्या. ज्या मुलांचा जन्म मूळ भाग दाखविल्यानंतरचा, त्यांच्यापुढें हीं पुस्तकें आणि वडील मंडळींच्या आठवणी यांखेरीज दुसरा आधार नव्हता. १९७९ च्या ऑक्टोबरांत या एकाच मालिकेला वाहिलेलें साप्ताहिक निघालें आणि पुढें तें मासिक झालें.

येथेंच बखर आणि कागद यांचा प्रश्न उभा राहतो. ज्या काळीं भाग पुन्हा पाहण्याची सोय नव्हती, त्या काळीं चाहत्यांच्या चर्चेंत एक सर्वमान्य बखरच तयार झाली होती. अमुक कथा उत्कृष्ट, तमुक कथा टाकाऊ, असे निकाल बालपणच्या आठवणींवरून दिले गेले आणि पुढच्या पिढीनें ते शिरोधार्य मानले. मग एकेक हरवलेला भाग सांपडूं लागला, आणि आठवणींची परीक्षा सुरू झाली.

१९६६ सालच्या एका कथेंत एक दिव्य शक्तीचा खेळिया डॉक्टरला जीवघेण्या खेळांत अडकवितो. ही कथा म्हणजे कल्पनेची परमावधि, अशी तिची ख्याति होती. १९८४ सालीं तिचा शेवटचा भाग ऑस्ट्रेलियाहून परत आला. पाहणारांस तो संथ, तोकड्या खर्चाचा आणि बराचसा नीरस वाटला. १९६७ मधील सायबरमानवांच्या थडग्याची कथा ही तर मालिकेचा मुकुटमणि समजली जाई. तिचे चारहि भाग १९९२ सालीं हाँगकाँगहून आले. या वेळीं निराशा झाली नाहीं. कथेचा पुष्कळसा लौकिक खरा ठरला. तथापि आठवणींत जे भव्य देखावे होते, ते पडद्यावर कांहींसे लहान झाले होते, हें प्रामाणिक प्रेक्षकांनीं कबूल केलें.

उलटहि घडलें. त्याच १९६७ च्या अखेरीस सुरू झालेली एक सहा भागांची कथा होती. तींत नायकाचें काम करणारे पॅट्रिक ट्रौटन यांनींच एका हुकूमशहाचें सोंग घेतलें होतें. तिचा एकच भाग शिल्लक होता, आणि तो असा कंटाळवाणा, कीं सगळी कथाच कमी प्रतीची असा ग्रह झाला होता. २०१३ च्या ऑक्टोबरांत जाहीर झालें, कीं नायजेरियांतील जॉस या गांवच्या दूरचित्रवाणी केंद्रांत फिलिप मॉरिस यांना नऊ हरवलेले भाग सांपडले आहेत. त्यांत या कथेचे राहिलेले पांचहि भाग होते. संपूर्ण कथा पाहिल्यावर मत पार पालटलें. सहांपैकीं एका भागावरून ज्या नटाला आणि ज्या दिग्दर्शकाला दोष दिला जात होता, त्यांना जवळ जवळ पंचेचाळीस वर्षांनीं न्याय मिळाला. दोघेहि तो ऐकावयास हयात नव्हते.

केवळ पाहूनच नव्हे, तर कागद उलगडूनहि कांहीं समज दुरुस्त झाले. १९६६ सालीं अमेरिकेंतील पिस्तूलबाजांवर एक कथा झाली. हिला मालिकेच्या सबंध इतिहासांत सर्वांत थोडे प्रेक्षक लाभले, असें विधान वर्षानुवर्षें एका पुस्तकांतून दुसऱ्या पुस्तकांत उतरत होतें. कोणा चिकित्सकांनीं संस्थेच्या नोंदी पाहिल्या, तेव्हां आढळलें, कीं प्रेक्षकांची संख्या तशी कांहीं नीचांकी नव्हती. नीचांकी होती ती प्रेक्षकांनीं दिलेली पसंतीची श्रेणी. एक आंकडा दुसऱ्याच्या जागीं जाऊन बसला होता. इतिहासाच्या अभ्यासकास अशा चुकीचें आश्चर्य वाटणार नाहीं. आश्चर्य वाटावयाचेंच तर तें याचें, कीं पगार नाहीं, पदवी नाहीं, कोणाची आज्ञा नाहीं, आणि तरीहि या मंडळींनीं ती चूक मुळापर्यंत जाऊन शोधली.

चर्चेचे दोषहि सांगितले पाहिजेत. प्रेमाचें रूपांतर मालकीच्या भावनेंत होण्यास वेळ लागत नाहीं. १९७६ सालीं डॉक्टरच्या मूळ ग्रहावरची एक कथा दाखविली गेली, तेव्हां चाहत्यांच्या मंडळाच्या अध्यक्षांनीं आपल्या मासिकांत तिच्यावर कडक टीका केली: पूर्वीच्या कथांतून जें सांगितलें त्याचा या कथेनें विध्वंस केला, मालिकेंतली जादू कोठें गेली, असा टीकेचा सूर होता. पुढच्या पिढ्यांनीं तीच कथा मालिकेंतील उत्तम कथांत गणली. याहून बोधप्रद प्रसंग १९८६ च्या डिसेंबरांतला आहे. दूरचित्रवाणीवरील एका चर्चेच्या कार्यक्रमांत कांहीं तरुण चाहत्यांनीं त्या वर्षींच्या कथा रटाळ व गुंतागुंतीच्या झाल्याबद्दल त्यांच्या लेखकांना चार शब्द सुनावले. त्या तरुणांत सोळा वर्षांचा क्रिस चिबनल हा एक होता. पुढें २०१८ सालीं हेच चिबनल मालिकेचे प्रमुख लेखक झाले, आणि १९७६ मधील त्या कथेप्रमाणेंच डॉक्टरच्या मूळ जन्माविषयीं १ मार्च २०२० रोजीं त्यांनीं नवें कांहीं सांगितलें, तेव्हां चाहत्यांनीं त्यांनाहि तशाच शब्दांनीं फैलावर घेतलें. टीकाकाराला लेखकाच्या खुर्चींत बसविण्याचा असा न्याय काळ क्वचितच करतो.

परंतु त्या खुर्चीपर्यंत चाहते पोंचले कसे, हाहि इतिहासच आहे. १९८९ सालीं संस्थेनें मालिका बंद केली; १९९६ मधील एका चित्रपटाचा अपवाद सोडला, तर पुढें सोळा वर्षें पडद्यावर नवा डॉक्टर आला नाहीं. या काळांत चर्चा मात्र बंद पडली नाहीं. चाहत्यांनीं कादंबऱ्या लिहिल्या, आणि १९९९ पासून जुन्या नटांना घेऊन नवीं श्राव्य नाटकें काढलीं. २००५ च्या २६ मार्चला मालिका पुन्हा सुरू झाली, ती रसेल डेव्हिस यांच्या लेखणीनें. हे स्वतः बालपणापासूनचे चाहते, आणि बंदीच्या काळांत त्यांनीं या मालिकेवर एक कादंबरी लिहिलेली होती. पॉल कॉर्नेल यांची १९९५ ची कादंबरी २००७ सालीं पडद्यावर आली. १९७४ सालीं 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकांत मालिकेची स्तुति करणारें एका पंधरा वर्षांच्या मुलाचें पत्र छापून आलें होतें. तो मुलगा म्हणजे पीटर कापाल्डी. २०१३ ते २०१७ या काळांत डॉक्टरची भूमिका त्यांनींच केली. मालकानें टाकून दिलेलें घर भाडेकऱ्यांनीं शाकारून ठेवावें, आणि एके दिवशीं मालकानें त्यांनाच बोलावून किल्ल्या हातीं द्याव्या, तसा हा प्रकार झाला.

मुलांच्या त्या ध्वनिफितीहि कामास आल्या. त्या आवाजांवर रेखाचित्रें हलतीं करून हरवलेले भाग पुन्हा उभे करण्याचें काम २००६ सालीं सुरू झालें. २०१६ सालीं, मूळ प्रसारणास पन्नास वर्षें झालीं तेव्हां, ट्रौटन यांची पहिली संपूर्ण कथा या रीतीनें पुन्हा लोकांपुढें आली. मूळ चित्राची सर या रेखाचित्रांना येत नाहीं, आणि तसा दावाहि कोणी करीत नाहीं. फाटलेल्या पोथीच्या जागीं जाणत्यानें नवें पान लिहून लावावें, परंतु शाई वेगळी ठेवावी, म्हणजे वाचणारा फसत नाहीं. तेंच धोरण येथें संभाळलेलें आहे.

श्रोतेहो, मुंबईंत वाढलेल्या वारिस हुसेन यांच्या एका कथेचा उल्लेख राहिला आहे. ती कथा मार्को पोलोची. १९६४ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत ती सात भागांत दाखविली गेली, आणि त्यांपैकीं सहा भाग हुसेन यांनीं दिग्दर्शित केले. पामीरचें पठार, गोबीचें वाळवंट आणि कुब्लाईखानाचा दरबार ही तिचीं स्थळें. मुलांना इतिहास शिकविण्याच्या मूळ हेतूला तिच्याइतकी जागलेली कथा मालिकेंत दुसरी क्वचितच असेल. २०१३ पर्यंत इतर ठिकाणीं इतके भाग निघाले, तरी हिच्या सात भागांपैकीं एकाचेंहि चित्र हातीं लागलें नव्हतें. जीं सहा भागांचीं छायाचित्रें उपलब्ध आहेत, तीं खुद्द हुसेन यांच्या संग्रहांतून मिळालीं. आवाज मात्र सातहि भागांचा आहे, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

म्हणजे जी कथा डोळ्यांनीं पाहण्यासाठीं रचली, ती आज कानांनीं ऐकावी लागते. नभोवाणीच्या श्रोत्यांस ही कांहीं उणीव वाटणार नाहीं. वाळवंटांतला वारा, उंटांचा तांडा, खानाच्या दरबारांतील गलबला, हें सारें आपण मनानें पाहूं शकतों. एवढेंच ध्यानांत असावें, कीं तो वारा आपल्या कानांपर्यंत आला आहे तो कोणा मोठ्या भांडारांतून नव्हे. १९६४ सालच्या एका शनिवारीं कोणी एक मुलगा संचापुढें हात स्थिर धरून बसला होता, म्हणून तो आला आहे.